पाच वर्कशॉप, एक ऑर्डर: नवी कंपनी न काढता मिळून काम कसं घ्यायचं

भोसरी, तळवडे, चाकण किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका गाळ्यात दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं), पलीकडच्या गाळ्यात सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारं लेथचं काम), त्याच्यापुढे फक्त सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, असं चित्र असतं. प्रत्येकाकडे कौशल्य आहे, पण एका ऑपरेशनचं. ग्राहकाला हवी असते पूर्ण असेंब्ली: कापलेली, घासलेली, प्लेटिंग केलेली, बेअरिंग बसवलेली, खोक्यात भरलेली. पाच व्हेंडरमागे धावायला त्याच्याकडे माणसं नसतात. ऑर्डर मग मोठ्या व्हेंडरकडे जाते आणि तीच कामं जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीचं काम) म्हणून, बराच भाव कापून, याच गाळ्यांमध्ये परत येतात.

हा कापला जाणारा भाव आपल्याकडे ठेवायचा तर वर्कशॉपनी आभासी संघटना उभी करावी. ग्राहकासमोर एकच पुरवठादार, आत पाच-सहा स्वतंत्र मालक, आणि सगळ्यांना जोडणारी सामायिक कागदपत्रं, सामायिक शीट आणि आधी लिहून ठेवलेले नियम. नवी कंपनी नाही, नवी जागा नाही, नवं मशीन नाही. ऑर्डर संपली की गट विसर्जित होतो आणि पुढच्या ऑर्डरला कदाचित वेगळ्या सदस्यांनिशी पुन्हा उभा राहतो.

पद्धत नवी नाही. इटलीतल्या प्रातो शहराच्या कापड धंद्यात स्वतःचा कारखाना नसलेला मध्यस्थ ऑर्डर आणून ती सूतकताई, विणकाम, रंगाई करणाऱ्या लहान कारखान्यांत वाटत असे. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंड-जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या बोडन्से सरोवराच्या परिसरात सेंट गॅलन विद्यापीठाच्या पुढाकाराने लहान-मध्यम यंत्रउद्योगांचं ‘व्हर्च्युअल फॅक्टरी’ नावाचं जाळं उभं राहिलं. त्यांनी भूमिका वेगळ्या केल्या: काम आणणारा वेगळा, कोणाला काय द्यायचं ते ठरवणारा वेगळा, ऑर्डर तडीस नेणारा वेगळा, आणि नियम पाळले जातात का हे पाहणारा तिऱ्हाईत वेगळा. आपल्याकडे इचलकरंजीत दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे खर्चीवाले यंत्रमागधारक आहेतच. फरक एवढाच की तिथे सूतवाला भाव ठरवतो. इथे भाव सगळ्यांनी मिळून, ऑर्डर घेण्याआधी ठरवायचा आहे.

पुढचं सगळं एका उदाहरणावर धरून सांगतो. समजा, कन्व्हेअर बनवणाऱ्या एका ग्राहकाला २०० ड्राइव्ह रोलर सेट हवेत. एका सेटमध्ये ईएन ८ या पोलादाचा एक शाफ्ट, एसजी आयर्न या ओतीव लोखंडाची दोन बेअरिंग हाउसिंग, पाइपचा रोलर आणि जोडणी. सेटचा भाव ४,२०० रुपये, म्हणजे ऑर्डर ८ लाख ४० हजारांची, अधिक जीएसटी.

गट जमवताना

पाच ते सात जण पुरेत. त्यापेक्षा जास्त झाले की भाव ठरवायलाच पंधरा दिवस जातात. मैत्री हा निकष ठेवू नका. प्रत्येकाकडून एक पान भरून घ्या: मशीन आणि बेडचा आकार, त्या मशीनवर रोजच्या कामात खात्रीने मिळणारा टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक (कॅटलॉगमधला नाही), मोजमापाची साधनं आणि त्यांच्या कॅलिब्रेशनची तारीख, महिन्याला खरोखर मोकळे असलेले तास, साप्ताहिक सुट्टी, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि जीएसटी क्रमांक. सुट्टीचा रकाना क्षुल्लक वाटतो. पण भोसरी-पिंपरीकडे गुरुवारी बंद असतं आणि दुसऱ्या गावच्या सदस्याकडे रविवारी. टेम्पोचं वेळापत्रक हे बघून लावलं नाही तर माल बंद शटरसमोर उभा राहतो.

मोकळ्या तासांचा हिशोब मात्र मनापासून करा, कारण गट सगळ्यात जास्त इथेच बुडतात. आपल्या उदाहरणात ४०० हाउसिंग व्हीएमसीवर करायची आहेत. एका नगाला १४ मिनिटं धरली तर ५,६०० मिनिटं, म्हणजे साधारण ९३ तास. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सेटिंग, टूल बदलणं, मोजमाप, चहा, वीज हे सगळं वजा जाता ८० टक्के, म्हणजे ६.४ तास कामाचे धरा. १५ शिफ्ट लागतात. सदस्य “दहा दिवसांत देतो” म्हणाला, तर तो दोन शिफ्ट चालवणार आहे की दुसरं मशीन लावणार आहे, हे त्याच वेळी विचारून लिहून घ्या. त्याचा नेहमीचा मोठा ग्राहक अर्जंट काम घेऊन आला की सगळ्यात आधी आपलंच काम बाजूला पडतं. म्हणून तास बुक करताना तारखांसकट करा, आणि प्रत्येक ऑपरेशनला गटाबाहेरचा एक पर्यायी वर्कशॉप पाच नग करून, तपासून, आधीच मंजूर करून ठेवा. ज्या ऑपरेशनला असा पर्याय सापडत नाही, ते तुमच्या तारखेचं खरं माप. ग्राहकाला शब्द त्यावरून द्यायचा.

भाव वाटून घ्या, नफा एकत्र करू नका

गटात उत्साह असतो तेव्हा कुणीतरी म्हणतं, “शेवटी जो नफा उरेल तो सारखा वाटून घेऊ.” त्याला तिथेच थांबवा. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४ नुसार, सगळ्यांनी किंवा सगळ्यांच्या वतीने कुणी एकाने चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घ्यायचा करार झालेल्या व्यक्तींमधलं नातं म्हणजे भागीदारी. नोंदणी नसली, फर्मचं नाव नसलं, तरी वाद कोर्टात गेल्यावर तुम्ही भागीदार ठरू शकता. भागीदार ठरलात की एकाने केलेल्या देण्याला सगळे जबाबदार. आयकर खातंही अशा गटाला स्वतंत्र करदाता धरू शकतं. सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) ७ मार्च २०१६ च्या परिपत्रक क्र. ७/२०१६ मध्ये मोठ्या टर्नकी (प्रकल्प पूर्ण उभारून द्यायच्या) कंत्राटांच्या कन्सॉर्शियमबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या गटाबद्दल, असं केव्हा धरायचं नाही ते सांगितलं आहे: प्रत्येकाचं काम वेगळं, प्रत्येकाचा नफा-तोटा आपापल्या कामाचा, माणसं आणि माल आपापल्या ताब्यात, व्यवस्थापन एकत्र नाही. ते परिपत्रक तुमच्या २०० रोलरसाठी लिहिलेलं नाही, पण रचना करताना हीच चौकट डोळ्यांसमोर ठेवा.

म्हणून प्रत्येकाने आपल्या ऑपरेशनचा नगावर भाव द्यायचा आणि तोच त्याचा. त्यात त्याला फायदा झाला तर त्याचा, तोटा झाला तर त्याचाच. ८ लाख ४० हजारांची फोड साधारण अशी करता येते: कच्चा माल ४० टक्के (३,३६,०००), सगळ्यांची जॉबवर्क मजुरी ४५ टक्के (३,७८,०००), समन्वय ४ टक्के (३३,६००), आणि रिजेक्शन, वाहतूक, पॅकिंग, व्याज यांसाठी ११ टक्के (९२,४००). समन्वयाचे ४ टक्के पाहून कुरकुर होते. पण ड्रॉइंग समजून घेणं, फोन उचलणं, चलनं (मालासोबत जाणारे कागद) काढणं, ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर उभं राहणं हे पूर्णवेळ काम आहे. ते फुकट करणारा माणूस दुसऱ्या ऑर्डरला दिसत नाही.

भाव एकत्र बसून ठरवताना आणखी एक सांभाळा. एकच काम करणारे दोन सदस्य एकाच निविदेत वेगवेगळे भरून आधी भाव जुळवत असतील, तर तो स्पर्धा कायदा, २००२ खाली गुन्ह्यासारखाच गंभीर प्रकार आहे. गट म्हणून भरायचं ठरलं की सदस्याने त्या निविदेत स्वतंत्रपणे भरायचं नाही.

बिल कोणाच्या नावाने

तीन पर्याय असतात. ग्राहक प्रत्येकाला वेगळी पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) देईल. पण मग त्याला पाच व्हेंडर सांभाळावे लागतात, आणि तेच तर त्याला नको होतं. किंवा प्रत्येक जण माल विकत घेऊन, काम करून पुढच्याला विकेल. त्यात प्रत्येक पायरीवर मालाचे पैसे अडकतात. आम्ही तिसरा पर्याय सुचवतो: एक सदस्य प्रमुख. तो पीओ घेतो, कच्चा माल घेतो, चलनावर जॉबवर्कला पाठवतो. बाकीचे त्याला फक्त मजुरीचं बिल देतात. मालाची मालकी शेवटपर्यंत प्रमुखाची राहते.

जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा माल कर न भरता जॉबवर्करकडे पाठवता येतो. तो एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे. मशीनसारख्या भांडवली वस्तूंना तीन वर्षं. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत लागू नाही. मुदत चुकली तर माल पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासह भरावा लागतो. जॉबवर्कर तोच माल परस्पर दुसऱ्या जॉबवर्करकडे पाठवू शकतो, हे मार्च २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. टर्निंगवाल्याकडून शाफ्ट परत तुमच्या गाळ्यात आणून मग ग्राइंडिंगला पाठवायची गरज नाही. प्रमुखाने नवीन चलन काढावं किंवा टर्निंगवाल्याने आलेल्या चलनावरच पुढची नोंद करून द्यावी. तयार माल सदस्याच्या जागेवरूनच ग्राहकाकडे जाणार असेल आणि त्या सदस्याची जीएसटी नोंदणी नसेल, तर ती जागा प्रमुखाच्या नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून टाकावी लागते.

चलन तीन प्रतींत: मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी स्वतःकडे. त्यावर क्रमांक, तारीख, दोन्हीकडचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक, एचएसएन (मालाचा जीएसटी संकेतांक), वर्णन, नग, किंमत आणि सही. नग आणि वजन दोन्ही लिहा. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला माल १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल (वाहतुकीची ऑनलाइन पावती) लागतं. पण प्रमुख राज्याबाहेर जॉबवर्कला माल पाठवत असेल, समजा कोल्हापूरहून बेळगावला, तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल काढावंच लागतं. पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालाचा तपशील आयटीसी-०४ या जीएसटी फॉर्ममध्ये भरायचा असतो: ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. या सगळ्यात काही बदललं आहे का, ते पहिलं चलन फाडण्याआधी सीएला विचारून घ्या.

प्रमुखाची स्टॉकची विमा पॉलिसी सहसा त्याच्या एकट्याच्या गाळ्यापुरती असते. त्याचा माल पाच गाळ्यांत पसरलेला आहे, तर त्या पाचही जागा पॉलिसीत आल्या पाहिजेत. यासाठी फ्लोटर पॉलिसी मागा.

करार: चार पानं पुरतात

५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर, साध्या भाषेत. कोण कुठलं ऑपरेशन, कुठल्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर, कुठल्या भावात, कुठल्या तारखांना. आम्ही भागीदार नाही आणि कुणीही दुसऱ्याच्या वतीने शब्द देऊ शकत नाही, हे स्पष्ट वाक्य. वाद झाल्यास लवाद कोण आणि कुठल्या शहरात. बार कापल्यावर निघणारी चिप कोणाची. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. ३२ मिमीचा ४२० मिमी लांब बार साधारण २.६५ किलोचा असतो. तयार शाफ्ट २ किलोचा उरला तर नगामागे ६५० ग्रॅम चिप, आणि २२२ नगांवर (२०० साठी २२२ का, ते पुढे रिजेक्शनमध्ये येतं) १४४ किलो. चिप टर्निंगवाल्याची असेल तर त्याच्या भावात ते दिसलं पाहिजे, प्रमुखाची असेल तर वजन करून चलनावर परत आली पाहिजे.

“सदस्याने या ग्राहकाकडे कधीच थेट जायचं नाही” असं कलम सगळे टाकतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे धंदा करण्यावरची अशी सरसकट बंदी कोर्टात टिकत नाही. त्याऐवजी गोपनीयता घट्ट बांधा: या ऑर्डरचं ड्रॉइंग, भाव आणि ग्राहकाची माहिती या कामापलीकडे वापरायची नाही, आणि ऑर्डर चालू असेपर्यंत ग्राहकाशी बोलणं फक्त प्रमुखामार्फत.

रिजेक्शन: आकडा आधी, भांडण नंतर

शाफ्टला पाच ऑपरेशन: कटिंग, टर्निंग, कीवे (चावीची खाच), ग्राइंडिंग, झिंक प्लेटिंग. प्रत्येक ठिकाणी ९८ टक्के माल ओके आला तर प्रत्येकाला आपलं काम उत्तम वाटतं. पण पाच वेळा ०.९८ गुणलं की ०.९०४ उरतं. २०० ओके शाफ्ट हवे असतील तर २२२ बार कापायला हवेत. दोनशे दहा कापून सुरुवात केली, तर शेवटी अकरा-बारा नगांसाठी पुन्हा सगळी सेटिंग लावावी लागतात आणि त्या नगांची मजुरी कुणालाच परवडत नाही.

दुसरा प्रश्न नुकसान कोणाचं. बारचे २०० रुपये, टर्निंग ११०, कीवे ४०, ग्राइंडिंग ६० धरले तर प्लेटिंगला पोहोचलेला शाफ्ट ४१० रुपयांचा असतो. प्लेटिंगवाल्याला नगाचे २५ मिळतात. एक शाफ्ट त्याच्याकडून खराब झाला आणि पूर्ण किंमत त्याच्याकडून कापली, तर सोळा नगांची त्याची मजुरी गेली. अशा अटीवर कुठलाही शहाणा प्लेटिंगवाला काम घेणार नाही, आणि घेतलंच तर खराब नग लपवून ओके नगांत मिसळेल. व्यवहार्य नियम असा: प्रत्येक ऑपरेशनला मान्य रिजेक्शन आधी लिहायचं (इथे २ टक्के). त्या मर्यादेत गेलेल्या नगाची फक्त त्या ऑपरेशनची मजुरी मिळणार नाही. मर्यादेच्या वर गेलं तर कच्च्या मालाची किंमतही सदस्याची, पण त्याच्या एकूण बिलाच्या ठराविक टक्क्यापर्यंतच. १५ टक्के ठेवा. उरलेलं प्रमुखाने ठेवलेल्या ११ टक्क्यांतून. खराब नग लाल रंग लावून परत आलाच पाहिजे. हातात नग नाही तर रिजेक्शन मान्य नाही.

ड्रॉइंगमधली एक ओळ, जिच्यामुळे अख्खा लॉट जातो

समजा बेअरिंगची जागा २५ के६ आहे. म्हणजे २५ मिमीवर अधिक २ ते अधिक १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), एकूण फक्त १३ मायक्रॉनची वाट. ग्राइंडिंगवाला अगदी बरोबर मापात नग देतो. मग ८ मायक्रॉन झिंक प्लेटिंग होतं. थर दोन्ही बाजूंनी चढतो, म्हणून व्यास १६ मायक्रॉनने वाढतो. पूर्ण टॉलरन्सपेक्षाही जास्त. सगळे २०० शाफ्ट मोठे, बेअरिंग चढत नाही, चढवलं तर आतली फट संपते आणि बेअरिंग गरम होतं. ग्राइंडिंगवाल्याचं काम बरोबर, प्लेटिंगवाल्याचं काम बरोबर, लॉट मात्र भंगार.

एकाच छपराखाली काम होतं तिथे फोरमनला हे माहीत असतं. आभासी गटात ते कागदावरच असावं लागतं. म्हणून प्रमुखाने ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून प्रत्येक ऑपरेशनचं वेगळं प्रोसेस ड्रॉइंग काढायचं आणि त्यावर लिहायचं: हे माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं. इथे दोनच रस्ते आहेत. बेअरिंगची जागा प्लेटिंगला झाकायची, किंवा ग्राइंडिंगचं माप थराच्या हिशोबाने खाली ठेवायचं. प्लेटिंगचा थर कधीच एकसारखा येत नाही, टोकांना जास्त चढतो, त्यामुळे १३ मायक्रॉनच्या वाटेत झाकणंच बरं. आटे असतील तर आणखी जपा: ६० अंशांच्या आट्यावर पिच व्यास थराच्या चौपट वाढतो, ८ मायक्रॉनला ३२.

याच्या जोडीला मोजमापाची परीक्षा. काम सुरू होण्याआधी एकच तयार शाफ्ट सगळ्या सदस्यांकडे फिरवा. प्रत्येकाने आपल्या मायक्रोमीटरने मोजून आकडा बंद पाकिटात द्यायचा. आकडे टॉलरन्सच्या चतुर्थांशापेक्षा, इथे ३ मायक्रॉनपेक्षा, जास्त फरकाने आले तर आधी साधनं आणि मोजायची पद्धत जुळवा. ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला गरम नग आणि सकाळी थंड झालेला नग यांत १० अंशांचा फरक असेल तर २५ मिमीवर जवळपास ३ मायक्रॉन तिथेच जातात. म्हणून नग मोजण्याआधी किमान तासभर थंड होऊ द्यायचा, हेही कागदावर.

सामायिक शीट

ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. एक सामायिक ड्राइव्ह आणि एक शीट पुरते. ड्राइव्हवर चार फोल्डर: चालू ड्रॉइंग, रद्द ड्रॉइंग, चलनं आणि बिलं, तपासणी अहवाल. फाइलच्या नावात पार्ट नंबर, ऑपरेशन आणि रिव्हिजन, उदाहरणार्थ ‘शाफ्ट-०१_ग्राइंडिंग_रिव्ह-सी’. रिव्हिजन बदलली की जुनी फाइल त्याच मिनिटाला रद्द फोल्डरमध्ये, आणि प्रत्येक सदस्याने मशीनजवळची जुनी प्रिंट फाडून तिचा फोटो टाकायचा. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग पाठवायचं नाही. तिथे फोटो दाबला जातो, आकडे पुसट होतात, आणि ऑपरेटर तीन आठवड्यांपूर्वीची प्रतिमा वर सरकवून तीच उघडतो. ग्रुप फक्त “टेम्पो निघाला” एवढ्यासाठी.

प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ईमेलवर प्रवेश द्या, सगळ्यांना मिळून एक पासवर्ड नको. भावाची शीट वेगळी, आणि ती फक्त प्रमुख आणि त्या त्या सदस्यापुरती.

उत्पादनाच्या शीटमध्ये प्रत्येक ऑपरेशनला एवढेच रकाने: आलेले नग, ओके, रिवर्क, रिजेक्ट, पुढे पाठवलेले, चलन क्रमांक, हातातले. रोज संध्याकाळी सातपर्यंत आकडा भरायचा. आलेल्या नगांतून पुढे पाठवलेले आणि रिजेक्ट वजा केले की जे उरतं ते ‘हातातले’ बरोबर जुळलं पाहिजे. दोन दिवस सलग जुळलं नाही तर प्रमुखाने त्या गाळ्यात जाऊन नग मोजायचे. नग सहसा चोरीला गेलेले नसतात. रिवर्कच्या क्रेटमध्ये पडलेले असतात आणि कुणीच ते रिजेक्ट म्हणायला तयार नसतं.

पहिल्या लॉटला पाच नग सगळ्या ऑपरेशनमधून शेवटपर्यंत नेऊन, जोडून, ग्राहकाकडून मंजूर करून घ्या. हे पाच नग मंजूर होईपर्यंत उरलेल्या बारला करवत लावायची नाही. कास्टिंगला हे जास्तच लागू पडतं: हाउसिंगचं पॅटर्न (ज्यावरून ओतायचा साचा बनतो तो नमुना) चुकलं तर फाउंड्रीत ते दुरुस्त होऊन नवं कास्टिंग हातात येईपर्यंत आठवडे जातात. पॅटर्न कोणाच्या मालकीचं आणि ऑर्डर संपल्यावर कुठे राहणार, हे फाउंड्रीच्या पीओवरच लिहा.

पैसे केव्हा कोणाला

उदाहरणात पुढे जाऊ. शून्य दिवशी माल घेतला. टर्निंग बाराव्या दिवशी संपलं आणि प्रमुखाने ते स्वीकारलं. सगळे सेट चाळिसाव्या दिवशी गेले, ग्राहकाने ४५ दिवसांनी, म्हणजे पंच्याऐंशीव्या दिवशी पैसे दिले. पण एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. टर्निंगवाल्याचे सत्तावन्नाव्या दिवसापर्यंत द्यायलाच हवेत. ग्राहकाचे पैसे यायला तिथून अजून २८ दिवस आहेत. ही फट प्रमुखाच्या खिशातून जाते. ती आधी न मोजल्यामुळेच चांगले चाललेले गट पहिल्या ऑर्डरनंतर तुटतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि ती रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरायलाही अडचण येते.

फट कमी करायचे मार्ग असे. ग्राहकाकडे कच्च्या मालापुरता ३० ते ४० टक्के आगाऊ मागा. २०० सेट एकदम न देता ५०-५० च्या चार लॉटमध्ये द्या, म्हणजे पहिल्या लॉटचे पैसे लवकर सुटतात. ग्राहक मोठी कंपनी असेल तर बिल ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं बँकांकडून वटवायच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) टाका. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, आणि ग्राहकाने बिल मान्य केलं की बँक काही दिवसांत रक्कम देते, व्याज कापून. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली चालू व्यासपीठं. प्रमुख स्वतः उत्पादक म्हणून उद्यमवर नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. उशिरा केलेल्या नोंदणीच्या जोरावर जुन्या बिलाचं व्याज मागायला गेलात की वाद तिथेच अडतो.

सदस्यांच्या प्रत्येक बिलातून ३ टक्के रक्कम राखून ठेवा. ग्राहकाकडून तक्रारीची मुदत संपली की परत.

पहिली ऑर्डर आणि शेवट

पहिल्यांदा २०० सेटची ऑर्डर घेऊ नका. २० ते २५ सेटची घ्या, जी पूर्ण बुडाली तरी प्रत्येकाला सोसेल. त्यात कोण सात वाजता आकडा भरतो, कोण लाल नग परत देतो, कोण फोन उचलत नाही, हे सगळं समजतं.

ऑर्डर संपल्यावर पंधरा दिवसांत हिशोबाची एक बैठक. ग्राहकाची ड्रॉइंगं सगळ्यांच्या ड्राइव्हवरून काढा आणि प्रवेश बंद करा. गेज, फिक्स्चर, उरलेले बार, चिप यांची चलनावर परतफेड करून घ्या. प्रत्येक ऑपरेशनचं प्रत्यक्ष रिजेक्शन आणि प्रत्यक्ष तास यादीत लिहा. पुढच्या कोटेशनला हेच आकडे वापरायचे, सदस्याने तोंडी सांगितलेले नाहीत. राखून ठेवलेले ३ टक्के मुदतीत परत करा. आणि चलनं-बिलं फेकू नका: जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, आणि त्यात सदस्याने प्रमुखाला दिलेल्या प्रतीही आल्या.